विमानातून उतरून थेट बोट पकडताना: तुमचे अनुभव लिहा

आईला घेऊन जुलैत ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावर जायचं चाललंय. विमान अथेन्सला दुपारी २:१० ला उतरतं आणि पिरेयस बंदरातून नाक्सोसची बोट ५:३० ला सुटते. मधे तीन तास वीस मिनिटं. भाऊ म्हणतो, "आरामात!" तो स्वतः आयुष्यात कधी बोटीत बसलेला नाही.

एका तिकिटावरची दोन विमानं असतील तर पहिल्याला उशीर झाला तरी पुढची सोय कंपनी बघते. विमान आणि बोट यांच्या मधे उभं राहणारं असं कोणी असतं का? मला तरी सापडलं नाही, म्हणून हा धागा. कृपया नुसतं "भरपूर वेळ ठेवा" असं लिहू नका. तुमचा वेळ नेमका कुठे गेला, काय चुकलं, काय जमलं, ते सांगा. बंदर कुठलंही चालेल. आईचं वय ७१, गुडघे दुखतात, पण चाकांच्या खुर्चीचं नाव काढलं की रागावते.

* * *

मी हेच केलं होतं, फक्त बेट ऱ्होड्स. तुमचे आकडे वाचून पोटात गोळा आला म्हणून सविस्तर लिहितो.

विमान दीडला उतरायचं होतं आणि बोट सहाची. म्हणजे साडेचार तास, तुमच्यापेक्षा तासभर जास्तच. विमान पन्नास मिनिटं उशिरा आलं. पासपोर्टच्या रांगेत एक तास दहा मिनिटं, कारण एकाच वेळी तीन मोठी विमानं रिकामी झाली होती. बॅगा यायला वीस मिनिटं. मेट्रो स्टेशनवर पोचलो तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती आणि गाडी नुकतीच गेलेली. विमानतळावरून सुटणारी मेट्रो दर पाच मिनिटांनी नसते, अर्ध्या तासापेक्षा थोडं जास्त अंतर असतं. ४:३५ ला निघालो, तासाभराने पिरेयस. (२०२२ च्या ऑक्टोबरपासून ३ नंबरची लाइन थेट बंदरापर्यंत जाते. त्याआधी मधे गाडी बदलावी लागायची.)

तेव्हा हातात पंचवीस मिनिटं होती आणि मी बायकोला म्हणालो, "पोचलो एकदाचे." इथेच फसलो. पिरेयस म्हणजे एक धक्का नाही. ई-१ पासून ई-१२ पर्यंत गेटं आहेत आणि ती सगळ्या बंदराभोवती पसरलेली. मेट्रो उतरते ई-६ च्या आसपास, ऱ्होड्सची बोट लागते ई-१ ला. दोघांनी दोन-दोन बॅगा ओढत, उन्हात, मिळेल त्या फुटपाथवरून अर्धा तास पळालो. पोचलो तेव्हा बोटीचा मागचा रॅम्प वर उचलला जात होता. हात हलवले, ओरडलो. धक्क्यावरच्या माणसाने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि पाठ फिरवली. सहा म्हणजे सहा.

बंदराच्या आत त्या लांबच्या गेटांकडे जाणारी फुकट बस असते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तिकिटावर नुसतं "पिरेयस" वाचून गप्प बसू नका, गेट नंबर शोधा. नाक्सोसच्या बोटी मेट्रोपासून बऱ्याच जवळ लागतात, तेवढं तुमचं नशीब चांगलं.

* * *

विमान थेट अथेन्सला येतंय की युरोपातच कुठेतरी बदलायचं आहे? शेंगेनमधल्या (म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांमधल्या) दुसऱ्या विमानतळावरून येत असाल तर पासपोर्टची रांग तिथेच होऊन जाते आणि अथेन्सला फक्त बॅग घेऊन बाहेर पडायचं. थेट येत असाल तर रांग अथेन्सलाच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटो घेणं सुरू झालंय, पहिल्यांदा नोंदणी असेल तर प्रत्येक माणसामागे थोडा वेळ वाढतो. तुमचा एकट्याचा नाही, पुढच्या दोनशे जणांचाही.

* * *

पिरेयस कशाला, रफीना बघा. विमानतळापासून बसने अर्धा-पाऊण तास, बंदर छोटं, शोधाशोध नाही. आंद्रोस, तिनोस, मिकोनोसला लोक तिथूनच जातात, उन्हाळ्यात नाक्सोसच्याही वेगवान बोटी असतात.

पण जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आभाळ निळंशार, ऊन कडक, आणि समुद्र मात्र उसळलेला. वारा फार वाढला की बंदराचे अधिकारी बोटी सोडतच नाहीत, आणि छोट्या वेगवान बोटींवर बंदी आधी येते. आईला घेऊन जाताय तर मोठं, संथ जहाज बरं. दोन तास जास्त लागतील, पण कमी हलतं.

* * *

माझा अनुभव अगदी उलट, म्हणून लिहिते. हाँगकाँगला उतरून मकाऊला बोटीने गेले होते आणि इतकी सोपी जोडणी विमान ते विमानही कधी मिळाली नाही. तिथे बोटीचा धक्का विमानतळाच्याच आत आहे, स्कायपियर म्हणतात. हाँगकाँगच्या इमिग्रेशनमधून जायचंच नाही, बॅग घ्यायचीही नाही. इमिग्रेशनच्या अलीकडे बोटीच्या तिकिटांचे काउंटर आहेत. तिथे बॅगेच्या टॅगची पावती दाखवली की बॅग परस्पर बोटीवर जाते.

अट एकच, गर्दीच्या मागे जायचं नाही. आमचे हे सवयीने सगळ्यांबरोबर इमिग्रेशनच्या रांगेत जाऊन उभे. एकदा इमिग्रेशन पार केलं की तुम्ही हाँगकाँगमध्ये "आलात", मग त्या धक्क्यावर परत जाता येत नाही. मी लांबून हाका मारून परत आणलं. आणि ती टॅगची पावती! बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेला चिटोरा आपण कधी बघतो का? विमानातच पुस्तकात खूण म्हणून घातला होता आणि पुस्तक सीटच्या खिशात राहता राहता वाचलं.

सामान चेक-इन केलं असेल तर बोट सुटायच्या तासभर आधी तरी काउंटरवर हवं. २०१८ मध्ये मकाऊचा लांब पूल सुरू झाल्यापासून बोटींच्या फेऱ्या कमी झाल्यात, त्यामुळे आपल्या विमानाच्या वेळेला बोट आहे का ते निघण्याआधी बघून ठेवा.

* * *

जाताना सगळे सांभाळून असतात. खरी फजिती परतीला होते.

सिंगापूरला उतरून बिंतानला गेलो. चांगी विमानतळापासून तानाह मेराह फेरी टर्मिनल टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं, बोट तासाभराची. जाताना काहीच अडचण नाही. परतीच्या बोटीची वेळ २:३५, विमान ६:३० चं. मी हिशेब केला: ३:३५ ला सिंगापूर, विमानाला जवळजवळ तीन तास, उत्तम. पण बिंतान इंडोनेशियात आहे आणि तिथलं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. तिकिटावर वेळ असते ती जिथून सुटते तिथली. तेव्हा मी सिंगापूरला उतरलो ४:३५ ला. वर पुन्हा इमिग्रेशन, कारण तुम्ही परदेशातून परत देशात शिरताय. चांगीच्या काउंटरवर ५:२० ला पोचलो, तो ५:३० ला बंद होणार होता. फोनने वेळ आपोआप बदलली होती हो, पण हिशेब मी घरीच कागदावर करून ठेवला होता.

दुसरी गोष्ट व्हिसाची. विमानाने शिरलात हा पहिला प्रवेश, बोटीने परत आलात हा दुसरा. आमच्यातल्या एकाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. निघायच्या आठ दिवस आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. बोटीने तासाभरात जायचं म्हटलं की तो दुसरा देश आहे हे डोक्यात शिरत नाही.

* * *

सगळे इथे घाबरवतायत म्हणून थोडं विरुद्ध बोलतो. फिनलंडमधल्या हेलसिंकीहून एस्टोनियातल्या टॅलिनला तीनदा बोटीने गेलोय, तिन्ही वेळा विमानातून उतरून त्याच दिवशी. विमानतळावरून लोकलने अर्ध्या तासात शहर, तिथून ट्रामने बंदर, बोट दोन तासांची. दिवसभर बोटी असतात. एक चुकली तर पुढची. एकदा खरंच चुकली, तीही विमानामुळे नाही, मी चुकीच्या टर्मिनलला गेलो म्हणून. हेलसिंकीत कंपनीनुसार टर्मिनल वेगळं. दुसरं तिकीट काढावं लागलं, जरा वेळ बाकावर बसलो, संध्याकाळी टॅलिनला. त्यासाठी कोणी रात्रभराचा मुक्काम सांगितला असता तर मी हसलो असतो.

मला वाटतं प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. "मधे किती तास ठेवू" यापेक्षा "ही चुकली तर पुढची कधी" हे विचारा. पुढची दोन तासांनी असेल तर बिनधास्त जा. पुढची उद्या असेल तर पाच तासही कमीच. आणि आठवड्यातून दोनदाच बोट असलेल्या बेटावर जाणार असाल तर आदल्या दिवशीच बंदरावर जाऊन झोपा.

* * *

वरच्यांशी सहमत. पैशाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो, कारण त्यात मी पोळलोय.

विमानाचं तिकीट आणि बोटीचं तिकीट वेगवेगळं काढलं असेल तर दोन्ही कंपन्यांच्या लेखी तुमच्या प्रवासात दुसरी कंपनीच नाही. विमान उशिरा आलं म्हणून बोट गेली, तर बोटवाल्याच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. बोट वेळेवर सुटली, त्याचा काय दोष? युरोपात समुद्रप्रवाशांच्या हक्कांचा नियम आहे, २०१० चा. त्याप्रमाणे बोट रद्द झाली किंवा सुटायला दीड तासापेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या बोटीने जायचं हे प्रवासी ठरवतो. पण त्या बोटीमुळे पुढचं विमान हुकलं तर विमानाचे पैसे त्यात येत नाहीत. शिवाय खराब हवामानामुळे रद्द झाली तर वेगळी भरपाई मिळत नाही.

म्हणून दोन कामं करा. बोटीचं तिकीट बदलता येणारं घ्या. आणि प्रवासविमा घेताना "पुढचं वाहन चुकणं" या कलमात बोट धरलीय का आणि मधे किमान किती तास हवेत असं लिहिलंय, ते वाचा. माझ्या पॉलिसीत त्या तासांची अट होती आणि मी बरोब्बर अर्ध्या तासाने कमी पडलो.

* * *

स्पेनमध्ये मालागाला उतरून तारिफाहून बोटीने मोरोक्कोतल्या तांजियरला गेले. दोन गोष्टी. तांजियरची बंदरं दोन आहेत, एक शहरातच आणि दुसरं तांजियर मेद, जे शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब. तारिफाची बोट शहरात उतरवते, अल्हेसिरास या स्पेनमधल्याच दुसऱ्या बंदरातून सुटणाऱ्या बहुतेक बोटी मेदला. स्वस्त तिकीट बघून घेतलं आणि भलतीकडे उतरलो असं होऊ शकतं. दुसरं म्हणजे, मी गेले तेव्हा मोरोक्कोचा शिक्का बोटीवरच मारत होते. विमानाच्या शिणाने मी झोपून गेले. तास कधी संपला कळलं नाही, उठले तर सगळे उतरतायत आणि माझ्या पासपोर्टवर शिक्का नाही. सगळ्यात शेवटी उतरले.

* * *

बोट लागण्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? रात्रभराचं विमान, झोप नाही, पोट रिकामं किंवा वेळीअवेळी भरलेलं, आणि त्यावर समुद्र. एरवी मला काही होत नाही. मालदीवला विमानतळाच्या दारातच जेटी आहे, बाहेर पडलं की समोर पाणी, त्यामुळे शरीराला मधे उसंतच मिळत नाही. पावसाळी दिवस होते, स्पीडबोट लाटांवरून आपटत होती आणि मी हौसेने पुढे बसले होते. पुढे कधीच बसू नका. मागे बसा, मोठ्या जहाजात मधोमध आणि खालच्या मजल्यावर. मोबाइलकडे नाही, क्षितिजाकडे बघा. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी. त्रास सुरू झाल्यावर घेतलेली गोळी माझ्या बाबतीत समुद्रालाच अर्पण झाली.

* * *

धागाकर्ता. जाऊन आलो, म्हणून लिहितोय.

तुमचं सगळं वाचून साडेपाचची बोट सोडली, पिरेयसला एक रात्र ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मोठी बोट घेतली. आता ऐका. विमान पंधरा मिनिटं आधी उतरलं. पासपोर्टच्या रांगेत वीस मिनिटं. मेट्रो समोर उभी. चारच्या आत आम्ही पिरेयसला! साडेपाचची बोट खोलीच्या खिडकीतून सुटताना दिसली. आई म्हणाली, "ही आपली होती ना?" भावाला मी हे अजून सांगितलेलं नाही.

सकाळी एक गोष्ट कळली जी इथे कोणी लिहिली नव्हती. बॅगा वर नेत नाहीत, खाली गाड्यांच्या डेकवर बेटांच्या नावांचे रॅक असतात तिथे ठेवायच्या. आम्ही घाईत पारोसच्या रॅकवर ठेवल्या. पारोस आधी येतं. आईनेच पाटी वाचून परत हलवायला लावल्या. गुडघ्यांचा प्रश्न आला तो जिन्यांमुळे, पण सरकता जिना होता आणि गर्दी ओसरेपर्यंत आम्ही थांबलो.

परतीला मात्र तुमच्यामुळे वाचलो. विमानाच्या दोन दिवस आधी बेट सोडायचं ठरवलं होतं आणि नेमका त्याच दिवशी वारा सुटला. बोटी बंद. धक्क्यावर नुसती माणसं आणि बॅगा, ज्यांचं विमान त्या रात्री होतं त्यांचे चेहरे बघवत नव्हते. आमची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली, तीही डुलत डुलत. जाण्याआधी आईसाठी गोळ्या घेतल्या होत्या, मधली जागा बघून तिला बसवलं होतं. बोट लागली ती मला. आई शेवटपर्यंत खिडकीशी बसून कुठलं बेट कुठलं ते विचारत होती.