दुहेरी अल्बम: चौथ्या बाजूचा हिशेब

सुईचे टोक:
काल येथे एका सदस्याने लिहिले की, जगातला सर्वश्रेष्ठ दुहेरी, म्हणजे दोन तबकड्यांचा आणि चार बाजूंचा, अल्बम म्हणजे बीटल्सचा १९६८ सालचा पांढऱ्या वेष्टनाचा अल्बम, आणि त्यातले एकही गाणे ज्याला वगळावेसे वाटते त्याने संगीताच्या वाटेला जाऊ नये. उत्तर प्रतिसादाच्या चौकटीत मावेना, म्हणून स्वतंत्र धागा काढतो आहे.

त्या तीस गाण्यांतून एकच दमदार अल्बम करावा, असे खुद्द निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे मत होते. तेव्हा वाटेला न जाण्याची सूचना प्रथम त्यांना द्यावी लागेल. हृषीकेशच्या मुक्कामात गाण्यांचा ढीग साचला, परतल्यावर चौघे अनेकदा वेगवेगळ्या खोल्यांत आपापले गाणे घेऊन बसले, मध्येच ड्रमवादक रिंगो स्टार वैतागून काही दिवस निघूनही गेला, आणि माझ्या मते कोणाचे गाणे गाळायचे हे सांगण्याची कोणाचीच छाती न झाल्यामुळे दोन तबकड्या भरल्या. याला विस्तार म्हणत नाहीत. हे वाटण्या न झालेल्या चार भावांचे घर आहे.

दुहेरी अल्बमाची परीक्षा चौथ्या बाजूवर होते. पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'मध्ये (१९७९) चौथ्या बाजूच्या अखेरीस एक वाक्य अर्धवट तुटते आणि ते पहिल्या बाजूच्या आरंभी पुरे होते. तिथली एकही बाजू काढून दाखवावी.

शाहूपुरीची सी-नव्वद:
'द वॉल' हे पिंक फ्लॉइडच्या रॉजर वॉटर्स या एका गृहस्थाचे ऐंशी मिनिटांचे गाऱ्हाणे आहे, आणि ते मुद्रित होत असतानाच कीबोर्डवादक रिक राइट यांना बँडबाहेर काढले गेले. भाऊबंदकीचे दाखले आपण जरा बेताने द्यावेत.

आता कापाकापीविषयी. मी महाविद्यालयात असताना महाद्वार रोडलगतच्या एका बोळात कॅसेट भरून देणारे दुकान होते. बीटल्सचा तो पांढरा अल्बम भरून घ्यायला मी कोरी सी-नव्वद, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, दिली. अल्बम त्र्याण्णव मिनिटांचा, फीत नव्वदची. दुकानदाराने पहिल्या दोन बाजू इकडे आणि उरलेल्या दोन तिकडे भरल्या आणि पैसे पुरे घेतले. त्यामुळे बीटल्सपैकी जॉन लेननने आपल्या आईवर केलेले 'ज्युलिया' माझ्याकडे मध्येच तुटायचे, आणि शेवटचे 'गुड नाइट' जेमतेम मिनिटभर वाजून 'खट्' असा आवाज व्हायचा. मला कित्येक वर्षे वाटत होते की, 'रेव्होल्यूशन ९' या आठ मिनिटांच्या गोंगाटानंतर अल्बम असाच दाणकन संपतो आणि तेच त्याचे मोठेपण आहे. पुढे सीडी हाती आली तेव्हा कळले की, तो गोंगाट सरल्यावर लेननने आपल्या लहान मुलासाठी रचलेली अंगाई रिंगोच्या साध्या गळ्यातून पूर्ण तीन मिनिटे चालते. गाळण्याजोगे काय असते ते दुकानदारांनी ठरवले की असे होते.

सुईचे टोक:
म्हणजे तीन मिनिटे कमी असलेला अल्बम आपण कित्येक वर्षे 'मोठा' मानून ऐकलात. माझा मुद्दा याहून चांगला मलाही मांडता आला नसता, आभारी आहे.

उलटी बाजू:
चौथ्या बाजूच्या परीक्षेबद्दल थोडेसे. जिमी हेंड्रिक्सच्या 'इलेक्ट्रिक लेडीलँड'चा (१९६८) जुना संच मला रद्दीवाल्याकडे मिळाला. एकावर एक रचलेल्या तबकड्या आपोआप बदलणाऱ्या रेकॉर्ड चेंजरच्या सोयीसाठी त्यात पहिल्या बाजूच्या पाठीवर चौथी छापलेली होती, आणि मी ते न पाहता सुमारे तीन वर्षे एक, चार, दोन, तीन याच क्रमाने ऐकत राहिलो. आजही मला तोच क्रम बरोबर वाटतो. परीक्षा कोणत्या बाजूची घ्यायची तेवढे सांगावे.

पहिल्या रांगेतला श्रोता:
आपण सर्वजण कोल्हापुरात राहता आणि चार बाजू पुरतात की दोन यावर भांडता, याचे मला नवल वाटते. ज्या गावात अल्लादिया खाँ दरबारगायक होते, त्या गावात त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी ऐकून पाहावी. साडेतीन मिनिटांत सगळे सांगून होते. तेच ध्वनिमुद्रण १९७७ साली नासाच्या वॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. तुमचे चौघेही गेले नाहीत आणि ती भिंतही गेली नाही.

खोबणीतली धूळ:
खाँसाहेबांचे नाव निघालेच आहे, तर हेही नमूद करतो की, त्यांच्या स्वतःच्या गाण्याची एकही तबकडी आपल्याला ऐकायला मिळत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएमच्या), जेमतेम साडेतीन मिनिटांच्या तबकडीने गवयांना घड्याळ दाखवले, बढत म्हणजे रागाचा सावकाश विस्तार चिरडला, आणि आपण त्या सक्तीला सौंदर्य म्हणू लागलो. माझे आजोबा इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या बैठकांना जात. घरी आल्यावर ते तबकडीला 'गाण्याचा फोटो' म्हणत आणि फोनोला हात लावत नसत. साडेतीन मिनिटांचे कौतुक करणे म्हणजे आहेराच्या पाकिटाला लग्न म्हणणे आहे.

पहिल्या रांगेतला श्रोता:
आपल्या आजोबांचा मी आदर करतो, परंतु त्यांनी फोनोला हात लावला नाही म्हणून केसरबाईंची तान लहान होत नाही. ज्यांनी त्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या त्यांना आपण पाकिटे गोळा करणारे ठरवत असाल, तर यापुढे आपल्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. पसरट गाणे आणि विस्ताराचे गाणे यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने खुशाल सहा बाजूंचा अल्बम ऐकावा.

खोबणीतली धूळ:
इच्छा नसताना आपण पाच ओळी लिहिल्यात. फरक मला कळतो; तो मिनिटांत मोजू नये एवढेच मी म्हणतो आहे, आणि मोजायला सुरुवात आपण केलीत.

उलटी बाजू:
मोजायचेच असेल तर नीट मोजू या. वॉयेजरवरची तबकडी मंद गतीची, १६⅔ आरपीएमची आहे, आणि तिच्यावर जगभरच्या सत्तावीस रचना मिळून सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत आहे. म्हणजे केसरबाई ज्या संचातून गेल्या तो जवळजवळ त्या पांढऱ्या अल्बमाएवढाच लांब आहे. श्रोतेबुवांनी नकळत दुहेरी अल्बमाचीच बाजू मांडली, याबद्दल त्यांचे अभिनंदन.

पहिल्या रांगेतला श्रोता:
आकडे बरोबर असतील. भैरवी मात्र त्यातही साडेतीन मिनिटांचीच आहे.

दोन एलपी आणि एक:
बीटल्सवाले आणि भिंतवाले या दोघांनाही स्टीव्ही वंडरचा १९७६ सालचा 'साँग्स इन द की ऑफ लाइफ' आठवू नये, हे क्लेशकारक आहे. त्या माणसाला दोन एलपी पुरल्या नाहीत, म्हणून चार गाण्यांची एक छोटी तबकडी सोबत द्यावी लागली, आणि तरीही कोणी त्याला पसारा म्हणत नाही. माझ्या संचातली ती छोटी तबकडी एका मित्राने वाचायला नेलेल्या पुस्तकासारखी नेली आणि तशीच परत केली नाही. तो हा धागा वाचत असेल, तर त्याने समजून घ्यावे.

शाहूपुरीची सी-नव्वद:
सुईसाहेब, भैरवी आणि अंतराळ झाले असेल तर मूळ प्रश्नाकडे वळू या. ती चौथी बाजू आपण सलग, सुई न उचलता, शेवटची केव्हा ऐकलीत?

सुईचे टोक:
प्रश्न खोचक आहे. तरीही काल रात्री ऐकली. 'रेव्होल्यूशन ९' सुरू झाले की सुई उचलून झोपायला जाण्याची माझी विसाव्या वर्षापासूनची सवय आहे, हे मला कबूल करावे लागते. त्यामुळे आपल्या दुकानदाराने फितीअभावी जे कापले, ते मी हाताने कापत आलो होतो. गोंगाटानंतर ती अंगाई तिच्या जागी प्रथमच ऐकली. तेवढी बाजू आपल्याला दिली. 'द वॉल' अजूनही वरच आहे, आणि ते मिनिटभराचेही नसलेले 'वाइल्ड हनी पाय' कोणत्या हिशेबात ठेवायचे, याचे उत्तर मला या धाग्यावर अद्याप मिळालेले नाही.