आठ दिवस गावाला जायचंय, कुत्रीला ठेवायचं कुठं?

परभणीकर सर:
12 मेपासून आठ दिवस पुण्याला लग्नाला जातोय. घरी चिंगी आहे, चार वर्षांची गावठी कुत्री. बायको म्हणते, संभाजीनगरला पैसे घेऊन कुत्री सांभाळतात, तिथं सोडू. माझं मत उलट आहे. जनावर आपल्या अंगणातच राहावं, ओळखीच्या माणसानं येऊन बघावं.

कारण सांगतो. दोन वर्षांमागं तिला अशाच एका ठिकाणी पाच दिवस ठेवलं होतं. परत आणली तर कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड. वेचून काढले, वाटलं मिटलं. पंधरा दिवसांनी खाणं सुटलं, अंग तापलं आणि एका पहाटे फरशीवर रक्ताचे थेंब दिसले, तिच्या नाकातून पडलेले. गोचीडतापात प्लेटलेट घटतात, म्हणून ते रक्त. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस भाकरीच्या घासात दडवून चारल्या. पुन्हा तिथं सोडायची माझी छाती होत नाही.

लातूरची वहिनी:
सर, तुमचं दुःख कळतं, पण निष्कर्ष पटत नाही. आमचा राजा ओळखीच्याच माणसाच्या हाती गेला. मे महिना होता. शेजारच्या काकूंनी सकाळी गच्चीवर स्टीलच्या भगुन्यात पाणी ठेवलं, भाकरी ठेवली, दार ओढून घेतलं. सकाळी तिथं सावली होती. अकराला ती सरकली. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग निववतं. आणि भोवतालची हवाच 42 अंश असली तर धापा टाकून काय होणार? संध्याकाळी काकू वर गेल्या तेव्हा तो भिंतीच्या कडेला आडवा पडला होता. भगुनं चटका बसेल इतकं तापलेलं, पाणी निम्मं तसंच. रात्री गेला.

काकूंना मी दोष देत नाही, त्या अजून रडतात. पण पैसे घेणाऱ्याला दुपारी फोन करून "फोटो पाठवा" म्हणता येतं. उपकार करणाऱ्याला कोणत्या तोंडानं म्हणायचं?

नांदेडचा बोका:
मांजरवाल्यांनी या वादात पडूच नये. मांजर जागेला धरून असतं, त्याला घरातच ठेवा. मात्र रोज ताटली बघणारं कुणीतरी हवंच. दोन-तीन दिवस मांजर उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं.

शेतकरी, जालना:
आमच्याकडं सगळी आळी सांभाळते. कुत्रं मोकळं असलं की सावली आणि पाणी स्वतः शोधतं. हाल होतात ते साखळीला बांधून गावाला जाणाऱ्यांच्या जनावराचे.

लातूरची वहिनी:
दादा, साखळीचं अगदी खरं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हाच आहे. पण शहरातल्या कॉलनीत मोकळं सोडलेलं कुत्रं आठ दिवस कोण सांभाळणार?

पशुवैद्यकाचा विद्यार्थी, परभणी:
मी वहिनींच्या बाजूनं, पण एका अटीवर. जागा आधी डोळ्यांनी बघा. तिथल्या प्रत्येक कुत्र्याचं रेबीजचं प्रमाणपत्र मागतात का, आत घेण्याआधी गोचीड तपासतात का, हे विचारा. जे विचारत नाहीत त्यांच्याकडं ठेवू नका. आणि सर, कुठंही ठेवलं तरी गोचिडाचं औषध निघायच्या आधीच देऊन घ्या.

परभणीकर सर:
वहिनी, राजाचं वाचून घास उतरला नाही. तरी माझं मत तेच आहे. फक्त शेजाऱ्यांवर सोडणार नाही. दहावीची परीक्षा झालेला भाचा आठ दिवस इथंच मुक्कामाला येईल, त्याला रोजचे पैसे देईन. पाणी मातीच्या परळात, लिंबाखाली.

लातूरची वहिनी:
दुपारी दोन वाजता तो घरात असेल का? तेवढंच सांगा. सोळा वर्षांचं लेकरू, मित्र हाक मारतील.

परभणीकर सर:
खात्री देता येत नाही. बायकोनंही हेच विचारलं. रविवारी आम्ही दोघं ती जागा बघायला जातोय, चिंगीला घेऊन.