बाप मुलीला घराबाहेर काढतो आणि खाली टाळ्या?

डिचोलीकरीण: मोबाइलवरच्या त्या दोन मिनिटांच्या उभ्या मालिका बघता? कालच्या भागात बाप लेकीला सगळ्यांसमोर म्हणतो, "तुला दमडी मिळणार नाही." आई दाराआड गप्प. आणि कमेंटमध्ये "बाप बरोबर, घर त्याचं!" माझा राग अजून गेलेला नाही. गोव्यात हे चाललं असतं?

फोंडेकर: नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा आहे आपला. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मिळकत नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. मृत्युपत्राने बाप आपल्या वाट्यातला अर्धाच मनाजोगता देऊ शकतो. उरलेला मुलगा-मुलगी सगळ्यांचा, सारखा. ठरावीक गंभीर कारणांशिवाय तो काढून घेता येत नाही.

मडगावची: कागदावर खरं हो. पण चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून हक्क सोडल्याच्या सह्या करणाऱ्या बहिणी आमच्या वाड्यावर आहेत.

डिचोलीकरीण: मग तर दाराआडची ती आई निम्म्या घराची मालकीण! तिच्या संमतीशिवाय घर विकताही येणार नाही. गोव्यात कुणी अशी मालिका काढली, तर पहिलं वाक्य तिला द्या.