मदत हवी आहे: एमडीएममध्ये बागायतदारांचा पहिला डेटा कसा भरावा?

कातळ_आणि_कलम

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या आमच्या बागायतदार संस्थेत मास्टर डेटा मॅनेजमेंटची (एमडीएम) सिस्टम बसवली आहे, म्हणजे विखुरलेल्या नोंदींतून प्रत्येक माणसाची एकच पक्की नोंद ठेवणारी. सर्व्हर लागला, टेबलं तयार झाली, लॉगिन वाटून झाले. हब, म्हणजे या पक्क्या नोंदी ठेवायची मधली जागा, मात्र अजून रिकामं आहे. त्यात बागायतदारांची जुनी माहिती पहिल्यांदा भरायची आहे, म्हणजे इनिशियल लोड. मोहोर आत्ता कुठे दिसायला लागलाय. फेब्रुवारीत पेट्या निघायच्या आत हे काम हातावेगळं व्हायला हवं, कारण आंबा सुरू झाला की मे अखेरपर्यंत ऑफिसात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. सिस्टम देणाऱ्यांचा माणूस म्हणतो, "सगळ्या फायली एकत्र करून एकच एक्सेल द्या, आम्ही चढवतो." मला हे पटत नाही. का, ते सविस्तर लिहितो.

माहिती चार ठिकाणी आहे. सभासद रजिस्टर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं. कॅनिंगच्या आंब्याचं बिलिंग इंग्रजीत. पडेल, शिरगाव, मिठबांव अशा खरेदी केंद्रांच्या एक्सेल शीट, ज्यांत काट्यावरच्या माणसाने घाईगर्दीत जे कानावर पडलं ते लिहिलंय. आणि २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर नोंदणी केलेल्या आमच्या बागायतदारांची यादी; ही त्यातल्या त्यात स्वच्छ. सगळ्या मिळून नोंदी चौदा-पंधरा हजारांच्या घरात. प्रत्यक्षात माणसं निम्मीच असावीत.

खरी अडचण नावांची. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. आजोबा विठ्ठल सखाराम, वडील सखाराम विठ्ठल, नातू पुन्हा विठ्ठल सखाराम. आडनाव एक, गाव एक, वाडी एक, घर नंबरसुद्धा एक. आजोबा वारले तरी सातबारावर आणि संस्थेच्या भाग दाखल्यावर नाव त्यांचंच, माल मात्र नातू घालतो. मॅचिंग चालवून पाहिलं तर हे दोघे जवळपास शंभर टक्के जुळतात. उलट नातवाच्याच दोन नोंदी, एकीत नुसतं 'व्ही. एस.' आणि दुसरीत पूर्ण देवनागरी नाव, कुठेच जुळत नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एका घराचं कॅनिंगचं बिल असंच भलत्या खात्यावर गेलं होतं. तो माणूस वर्षभर राबून आंबा घालतो आणि पैशासाठी त्याला आमच्या दारात हेलपाटे घालायला लागतात, हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. एका माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तरी चालतील. दोन माणसांची एक नोंद झालेली चालणार नाही.

पत्त्यांचंही तसंच. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, पण जुन्या सभासदांच्या पत्त्यात अजून 'ता. देवगड, जि. रत्नागिरी' आहे. चाकरमान्यांचा पत्ता लालबाग-परळचा आणि बाग कुणकेश्वरला. वरचीवाडी, खालचीवाडी तर गावोगावी.

तर विचारायचं ते असं. जुळवाजुळव हबच्या बाहेर करून स्वच्छ माल आत घालावा, की कच्चं भरून आत मर्ज करावं, म्हणजे जुळणाऱ्या नोंदी एक कराव्यात? कुठला स्रोत आधी घ्यावा? आणि आमच्या सिस्टममध्ये प्रत्येक नवी नोंद मॅनेजरच्या मंजुरीला जाते. एवढ्या हजारो मंजुऱ्या कोण देणार?

घाटमाथा

बाहेर मर्ज करून एकच एक्सेल अजिबात देऊ नका. तसं केलंत की कुठली माहिती कुठून आली याचा मागच राहत नाही. प्रत्येक स्रोताची नोंद तिच्या मूळ क्रमांकासकट स्टेजिंगमध्ये, म्हणजे हबच्या आधीच्या कच्च्या टेबलात, घ्या: सभासद क्रमांक, बिलिंगचा पार्टी कोड, मानांकन यादीतला क्रमांक. केंद्रांच्या शीटला असा क्रमांक नसेल तर केंद्राचं नाव आणि ओळ क्रमांक जोडून तुम्हीच बनवा, आणि एकदा दिला की बदलू नका. हबमध्ये माणसाची अंतिम नोंद, म्हणजे गोल्डन रेकॉर्ड, एकच होईल, पण क्रॉस-रेफरन्स टेबलात त्याच्याखाली हे सगळे मूळ क्रमांक राहतील. आजोबा-नातू चुकून एक झालेच तर अनमर्ज (पुन्हा वेगळे) करायला तोच आधार. पुढे हंगामात बिलिंगमधून रोजचे बदल येतील, ते कुणाच्या नोंदीवर बसवायचे हेही तिथूनच कळतं.

भरण्याचा क्रम चुकला की नोंदी फेटाळल्या जातात. आधी जिल्हा-तालुका-गाव. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो घ्या. गावाचा कोड बसला की पत्त्यात रत्नागिरी लिहिलेलं असो की काही, जिल्हा सिंधुदुर्गच लागतो. वाड्या त्या त्या गावाखाली. मग माणसं, मग बँक खाती, मग बागा, आणि या नोंदींमधली नाती सगळ्यात शेवटी. माणसांत मानांकनाची यादी पहिली घाला. ती स्वच्छ आहे, म्हणजे पुढच्या स्रोतांना जुळायला पक्का पाया मिळतो. केंद्रांच्या शीट शेवटी.

मर्जसाठी जुळणीच्या टक्केवारीच्या दोन मर्यादा ठरवा. वरच्या मर्यादेपुढे गेलेल्या आणि पॅन किंवा बँक खातं जुळणाऱ्या नोंदीच आपोआप एक होतील. दोन मर्यादांच्या मधल्या नोंदी माणसाने डोळ्यांनी बघायच्या. खालच्या वेगळ्याच ठेवायच्या. शिवाय एक नकाराचा नियम हवाच: पॅन वेगळा किंवा जन्मवर्ष वेगळं असेल तर नाव कितीही जुळो, मर्ज नाही.

मंजुरीची साखळी लोडपुरती बंद ठेवा, एसएमएससुद्धा. नाहीतर एका रात्रीत गावभर 'आपली नोंद झाली आहे' असे मेसेज जातील आणि सकाळी संस्थेच्या दारात गर्दी. ऑडिट, म्हणजे कुणी काय बदललं याची नोंद, मात्र चालूच राहू द्या. मॅनेजरने मंजुरी द्यायची ती मधल्या ढिगाला.

सड्यावरून

रत्नागिरीला काजूच्या कामात हे सगळं पाहिलंय, म्हणून थोडं वरच्यात भर.

श्रीलिपीतल्या मजकुराचं युनिकोड, म्हणजे आजची सर्वमान्य अक्षरपद्धत, स्टेजिंगच्या आधी करा, आणि कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास नको. रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. 'ऱ' तर फारच फसवतो. 'कऱ्हाडे' हे आडनाव कुणी 'ऱ' हे एकच अक्षर वापरून लिहितं, कुणी 'र' खाली नुक्ता देऊन, कुणी मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा कोड घालून. स्क्रीनवर तिन्ही सारखी, संगणकाला तीन वेगळी. पहिल्या दोन एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे युनिकोड एकसारखा करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, एक होतात. तिसऱ्यात 'र', हलन्त आणि तो अदृश्य कोड मिळून जुळणीच्या प्रतीत 'ऱ्' असं बदलायला लागतं; नुसता कोड काढला तर रफार होतो. मूळ नावाचा रकाना तसाच ठेवा, जुळणीसाठी दुसरा करा.

मोबाइल नंबरवर मर्ज नको. केंद्रावरचा माणूस नंबर माहीत नसला की स्वतःचाच टाकतो, आणि मग तीस-चाळीस बागायतदार एका नंबरवर. लोडच्या आधी कुठला नंबर किती नावांवर आहे ते मोजा. जे फार नावांवर सापडतील ते जुळणीतून बाद.

आणि बँकेचे रकाने एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. पुढची शून्यं गळतात, सोळा आकडी खात्याचा शेवटचा आकडा शून्य होतो. मजकूर म्हणूनच आयात करा. आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, अकरा अक्षरांचा असतो आणि पाचवं नेहमी शून्य. तिथे इंग्रजी 'ओ' टाइप केलेला हमखास सापडेल.

कातळ_आणि_कलम

दोघांचे मनापासून आभार. मोबाइलचं आजच तपासलं, एका केंद्रावर अगदी तसंच निघालं.

@घाटमाथा, खात्याच्या नियमाबद्दल एक शंका. आमच्याकडे आजोबा-नातवाचं जॉइंट खातं सर्रास असतं. बँक पंधरा किलोमीटरवर, म्हाताऱ्याला जाणं होत नाही, म्हणून नातवाचं नाव जोडलेलं. मग खातं जुळलं तरी माणसं दोनच. पॅन तर जुन्या सभासदांपैकी कित्येकांकडे नाहीच. काही जण आधार क्रमांक गोळा करा म्हणतात.

दुसरी गोष्ट, बाग एकाची आणि खंडाने, म्हणजे ठरावीक मोबदल्यावर, घेतलेली दुसऱ्याने. माल खंडवाल्याच्या नावाने येतो, खताची उधारी मालकाच्या नावावर. हे कसं बसवायचं?

घाटमाथा

जॉइंट खात्याचं तुमचं बरोबर आहे, माझा नियम शहरातल्या ग्राहकांवरून आलेला. तुमच्याकडे नुसत्या खात्यावर आपोआप मर्ज नको. खातं जुळलं तर नोंद मधल्या ढिगात जाऊ द्या. ढीग वाढेल, पण गावनिहाय याद्या काढून केंद्रावरच्या माणसासमोर ठेवल्या तर कोण आजोबा नि कोण नातू हे तो लगेच सांगेल. वारलेल्या सभासदांना आधीच खूण करा, म्हणजे त्यांच्यावर जिवंत माणसाची नोंद चढणार नाही. आधारच्या साठवणुकीचे नियम कडक आहेत, केवळ जुळणीसाठी ते जमवू नका. जन्मवर्ष विचारा, तेवढ्याने बरंच भागतं.

खंडासाठी बाग ही स्वतंत्र नोंद करा. तिला गावाचा कोड आणि गट नंबर. मग माणूस आणि बाग यांच्यात नातं: मालक, सहहिस्सेदार किंवा खंडदार, आणि प्रत्येक नात्याला सुरुवातीची व शेवटची तारीख. उधारी मालकाशी, बिल खंडदाराशी. खंड दरवर्षी बदलतो, म्हणून यंदाचेच खंड भरा. जुने करार नंतर सवडीने.

आणि खरा लोड करण्याआधी टेस्टमध्ये पूर्ण भरणा करून पाहा. प्रत्येक स्रोताच्या एकूण नोंदी म्हणजे भरलेल्या अधिक फेटाळलेल्या, हा हिशोब जुळेपर्यंत हब पुसून पुन्हा भरा.

कातळ_आणि_कलम

गट नंबरचं डोक्यात आलंच नव्हतं, सातबारावरून तो सहज मिळेल. माणसं ओळखून घ्यायच्या याद्यांत पडेल केंद्राची आधी घेतो, तिथला आमचा माणूस जुना आहे आणि घरोघर ओळखतो. कुणी वारलेल्या सभासदांच्या वारस नोंदी हबमध्ये बसवल्या असतील तर जरूर लिहा, धागा उघडाच ठेवतोय.