प्रतिसाद: मोरिकोनेची फक्त शिट्टी नव्हे

इटालियन चित्रपट-संगीतकार एन्निओ मोरिकोने म्हणजे वेस्टर्न चित्रपटांतली शिट्टी आणि गिटार, असा इथल्या चर्चेचा सूर आहे; पण एवढ्यावर चर्चा थांबू नये. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये (१९६६) तिन्ही पात्रांना एकच छोटी सुरावट आहे, फरक फक्त वाद्याचा: ब्लाँडीला बासरी, एंजल आइजला ओकारिना, टुकोला माणसांचे आवाज. डोळे मिटूनही कोण आलं ते कळतं.

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं (१९६८) मुख्य संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं आणि दिग्दर्शक सर्जिओ लिओनी ते सेटवर वाजवत. म्हणूनच नायिका जिल स्टेशनमधून बाहेर पडते तेव्हा कॅमेऱ्याची क्रेन छतावरून वर जाते ती गायिका एड्डा देल्'ओर्सोच्या आलापाबरोबर. काय जुळलंय ते! याच चित्रपटाच्या सुरुवातीला मात्र संगीत जवळजवळ नाहीच; करकरणारी पवनचक्की, ठिबकणारं पाणी आणि माशी.

याच चित्रपटातली माउथ ऑर्गनची धून वाजवणारे बरेचजण ती गोड, स्वच्छ वाजवतात आणि तिथेच फसतात. तिथे धाप लागल्यासारखे, घासलेले सूर हवेत. कारण शेवटच्या फ्लॅशबॅकमध्ये कळतं, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगत नाही. आणि त्यावर येणारी कर्कश इलेक्ट्रिक गिटार खलनायक फ्रँकची आहे, ती दबवू नका.