ध्रुवाभोवतीच्या तारकारेषा तुटक का येतात?

रातवा
हरिश्चंद्रगडावरून ध्रुवाभोवतीची वर्तुळं टिपायची आहेत. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर, किट लेन्स १८ मिमीवर, एफ ३.५, आयएसओ १६००. सलग ३० मिनिटांच्या एका फोटोत आभाळ नारिंगी आणि तारे फिके आले. मग ३० सेकंदांचे फोटो, इंटरव्हलोमीटरवर (ठराविक अंतराने शटर उघडणारं उपकरण) ३१ सेकंद लावून घेतले आणि जोडले, तर रेषेऐवजी तुकडे. तासाभरानंतरचे सगळे फोटो धुरकट. कुठे चुकतंय?

धूमकेतू
तुमच्या कॅमेरा-लेन्सच्या जोडीत एक पिक्सेल म्हणजे आकाशातले साधारण ४५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद फिरतं. म्हणजे ध्रुवापासून लांबचा तारा एका पिक्सेलवर जेमतेम ३ सेकंद टिकतो, आभाळाचा उजेड मात्र तिथेच अर्धा तास साठत राहतो. एक्सपोजर कितीही वाढवा, रेषा उजळणार नाही, आभाळ उजळेल. म्हणून छोटे फोटो घेऊन स्टारस्टॅक्स या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'लायटन' पद्धतीने जोडायचे. त्यात प्रत्येक पिक्सेलची सर्वांत उजळ नोंद तेवढी राहते.

तुकड्यांचं कारण ते ३१. बहुतेक कॅमेऱ्यांत ३० सेकंदांचं शटर प्रत्यक्षात ३२ सेकंद उघडं असतं. ३१व्या सेकंदाला आलेली आज्ञा वाया जाते आणि एकाआड एक फोटो गळतो. तेवढ्यात तारा १० पिक्सेल पुढे गेलेला असतो. ३४ लावा. त्याहून सोपं म्हणजे कंटिन्युअस मोड ठेवून केबल रिलीजचं बटण लॉक करणं. एक-दोन सेकंदांची फट एका पिक्सेलपेक्षा कमी भरते, दिसत नाही.

लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (लांब फोटोतले दाणे कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय) बंदच हवं. ते चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून बसतो आणि पुन्हा तेच तुकडे.

तिपाई
धुरकटपणा म्हणजे दव. उघड्या आभाळाकडे तोंड केलेली काच भोवतीच्या हवेपेक्षा थंड पडते. पुसून उपयोग नाही, पुन्हा साचतं. ५ व्होल्ट, ५ वॉटची यूएसबी हीटर पट्टी लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळा, फोकस रिंगवर नको. पट्टी सुरू करून १५ मिनिटं थांबा, मगच फोकस करा. लेन्स तापली की फोकस सरकतो. लाइव्ह व्ह्यू मोठा करून ठळक तारा बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा, मग चिकटपट्टी लावा. स्टॅबिलायझर बंद.

रातवा
१०,००० एमएएचची पॉवर बँक पट्टीला पुरेल का? आणि चौकट आडवी की उभी?

तिपाई
पाच तास आरामात. कॅमेऱ्याची बॅटरी आधी संपेल. दोन तासांना २२० च्या आसपास फोटो होतात, बॅटरी बदलताना तिपाई हलली तर रेषा तिथेच मोडते. डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसून बाहेरून वीज घेणारी) वापरा.

धूमकेतू
उभी. गडावरून ध्रुव क्षितिजापासून साधारण साडेएकोणीस अंशांवरच दिसतो, त्यामुळे तेवढ्याच त्रिज्येची वर्तुळं पूर्ण मिळतात, बाकीची डोंगराआड जातात. १८ मिमीला उभ्या चौकटीची रुंदी ४७ अंश, म्हणजे ती मावतात. नोव्हेंबरात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, ध्रुव शर्मिष्ठा तारकासमूहावरून शोधा. नाशिक तिथून जवळपास थेट उत्तरेला आहे, त्याचा उजेड ध्रुवाखालीच येतो. क्षितिजाजवळ फार नारिंगी दिसलं तर आयएसओ ८०० करा.