चिठ्ठी टाकून देवाची इच्छा कळते का?

प्रश्न: बदली स्वीकारावी की नाही, शनिवारपर्यंत कळवायचंय. बायबलमधल्या गिदोनासारखं देवाकडे चिन्ह मागावं की चिठ्ठ्या टाकाव्यात?

उत्तर १: गिदोनाला इस्राएलाला सोडवण्याची देवाची आज्ञा आधीच मिळाली होती (बायबल, शास्ते ६:१४). लोकरीचं चिन्ह (दव फक्त लोकरीवर पडावं, मग उलट, फक्त जमिनीवर) त्याने खात्री वाटेना म्हणून मागितलं, तेही दोनदा! तो कित्ता गिरवू नका. चिठ्ठ्यांचं म्हणाल तर यहूदाच्या जागी प्रेषित (येशूचा मुख्य शिष्य) म्हणून मत्थियाची चिठ्ठ्या टाकून झालेली निवड पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधीची. पवित्र आत्मा आल्यानंतर प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख नाही.

उत्तर २: जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांची निर्णय घेण्याची रीत वापरा. वहीत चार रकाने: बदली घेतली तर फायदे, तोटे, नाही घेतली तर फायदे, तोटे. पण त्याआधी मनाचा तराजू मध्यावर आणा. काटा आधीच पगाराकडे झुकला असेल तर रकाने आपल्याला हवे तसेच भरले जातात. जे ठरेल ते प्रार्थनेत देवापुढे ठेवा. मन कोरडं, उदास असेल त्या दिवशी मात्र आधीचा निर्णय फिरवायचा नाही.

उत्तर ३: ‘शांती वाटली’ एवढ्यावरही जाऊ नका. देवापासून पळताना योना संदेष्टा जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. घरच्यांना विचारलंत का? पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) नंतर जा.